मावशीचं नाक आणि कॉफीचा ग्राइंडर

माझ्या मावशीने एकोणतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात काढली. ऑपरेशनची हत्यारं वापरून झाली की तिथे खाली यायची, धुतली जायची, तपासली जायची आणि वाफेच्या भट्टीतून निघून पुन्हा वर जायची. मावशीचं काम तपासणीचं. कात्री पूर्ण उघडायची, सांधा दिव्याखाली धरायचा, भिंगातून बघायचा. तेवढ्यावर तिचं समाधान होत नसे. मग ती मास्क खाली ओढून कात्री नाकाशी न्यायची. याला सक्त मनाई होती. पण भिंगातून सुटलेलं तिच्या नाकातून सुटत नाही हे वरिष्ठांना ठाऊक होतं, म्हणून ते काणाडोळा करायचे. बाकीचे तिला पाठीमागे ‘भिंगबाई’ म्हणत.

असं नाक घेऊन घरात राहणं सुखाचं नाही. आमच्याकडे मावशी येणार म्हटलं की आई भांडी पुसायचं फडकं बदलायची, तरी मावशी दारातूनच विचारायची, “बटाटा कुठे सडलाय गं?” आणि कुठेतरी टोपलीच्या तळाशी तो निघायचाच. त्यात आमचं गाव खाडीकाठचं. वर्षातले नऊ महिने हवा ओल्या टॉवेलसारखी अंगावर. मिठाचं पाणी होतं, काडेपेटीतल्या चार काड्या मोडल्याशिवाय पाचवी पेटत नाही, कपाटात टांगलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर पंधरा दिवसांत हिरवी लव धरते. अशा हवेत मावशीने आयुष्यभर घाणीशी वैर धरलं आणि घरापुरतं तरी ती जिंकत आली होती.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. शांत माणूस. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांना कसलासा ताप आला, तो आठवड्यात उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. आला नाही. काकांनी त्याचा बाऊ केला नाही. घरात त्यांच्याकडे एकच काम होतं, सकाळची कॉफी. लेकीने निवृत्तीची भेट म्हणून विजेवर चालणारा ग्राइंडर दिला होता. काळा, चकचकीत. वर कॉफीच्या बिया भरायचं प्लास्टिकचं भांडं, आत जात्यासारख्या एकमेकींवर फिरणाऱ्या दोन पोलादी चकत्या, खाली पूड पडायची वाकडी नळी. काका रोज पहाटे बटण दाबायचे, कॉफी करायचे आणि मावशीच्या उशाशी कप आणून ठेवायचे. दर रविवारी मावशी त्या ग्राइंडरमध्ये ब्रश फिरवायची. हे ती करते याचा काकांना पत्ताही नव्हता, कारण ती बोलून दाखवायची नाही.

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला मावशी अडीच महिने गेली. परतली ती संध्याकाळच्या गाडीने, दमून झोपली. सकाळी उशाशी कप आला. तिने पहिला घोट घेतला आणि तो गिळवेना. उठून न्हाणीत जाऊन थुंकली.

“काय झालं?” काकांनी विचारलं.

“दूध नासलंय.”

दूध नासलं नव्हतं. तिने ते हुंगून बघितलं. पाणी बघितलं, गाळणी बघितली, बियांची पुडी बघितली. वास तळलेल्या तेलाचा होता, पुन्हा पुन्हा तापवून महिनाभर उघड्यावर ठेवलेल्या तेलाचा, आणि त्याच्या पोटात आणखी एक वास होता, ओल्या गोणपाटाचा. मग ती ग्राइंडरपाशी गेली आणि तिला खाली वाकावंसुद्धा लागलं नाही.

तिने चार स्क्रू काढले. चकत्यांच्या कडेने काळा चिकट लगदा दाबून बसला होता, सायकलच्या साखळीत जुनं ग्रीस बसतं तसा. त्यावर राखाडी बुरशीची लव. उजेड पडल्याबरोबर त्या लवेत हालचाल झाली. पांढुरके किडे, मोहरीच्या निम्म्यानेही नसतील, सगळ्या बाजूंनी पांगले. पोलादाच्या कडा गंजून तांबूस झाल्या होत्या. आणि नळीच्या वाकणात झुरळाची अंड्यांची डबी चिकटलेली होती, तपकिरी, एखाद्या छोट्या पर्ससारखी. ती रिकामी होती, म्हणजे पिल्लं कधीच बाहेर पडली होती. रिकामी आहे हे बघितलं तेव्हा मावशी सिंकवर वाकली आणि तिला भडभडून उलटी झाली.

काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मावशीने तोंड धुतलं, वळली आणि म्हणाली, “अडीच महिने हे पीत होतात? माणूस आहात की मोरी?”

हे तिनेच मला नंतर सांगितलं, शब्द न बदलता. म्हणाली, “बोलताना मला बरं वाटलं. ते सगळ्यात वाईट.”

मावशीने तो ग्राइंडर तीन पिशव्यांत गुंडाळला. भंगारवाला मागत होता, त्याला दिला नाही. “दुसऱ्या कुणाच्या घरात जायला नको,” म्हणून स्वतः जाऊन कचऱ्याच्या गाडीत टाकून आली. ओटा तीनदा पुसला, हात कोपरापर्यंत घासले, तरी दिवसभर तिला बोटांना वास येत राहिला. लेकीचा फोन आला तर तिच्याशीही धड बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी उशाशी कप आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मावशीला कॉफीच्या आठवणीनेच मळमळत होतं, त्यामुळे तिला ते सोयीचंच वाटलं. काका उठायचे, पाणी प्यायचे आणि गॅलरीत जाऊन बसायचे. हळूहळू तिच्या लक्षात यायला लागलं की ते दोनदा आंघोळ करतात. घातलेला सदरा तासाभरात बदलतात. जेवताना ताटाकडे बघत राहतात आणि भाजी चिवडून ठेवतात. एकदा पाव हातात धरून ते त्यावर बुरशी शोधताना तिला दिसले. पाव ताजा होता.

मग एक दिवस शेजारच्या शिंपीणबाईंनी तिला जिन्यात गाठलं. “तुमच्या घरात काही झालंय का? काल तुमचे यजमान शिवायला टाकलेली पँट न्यायला आले आणि मला विचारत होते, माझ्या अंगाला वास येतो का हो, खरं सांगा.”

मावशी घरात आली आणि दार लावून खुर्चीत बसली. तिला आतापर्यंत झुरळाची, बुरशीची, त्या लगद्याची किळस आली होती. आता तिला स्वतःच्या तोंडाची आली. “त्या नळीत जे होतं ना,” ती मला म्हणाली, “त्याहून घाण माझ्या तोंडातून निघाली. आणि ती मी ज्याच्यावर टाकली त्याला वाससुद्धा येत नाही.”

तिने मला फोन केला तो म्हणून. “शनिवारी मोकळी आहेस का? ग्राइंडर घ्यायचाय.”

“मावशी, तयार पूड आण ना. कशाला पुन्हा ती भानगड?”

“तयार पूड ह्या हवेत चार दिवसांत ढेकूळ होते. आणि पूड आणली तर ते करतील काय? पाकीट फाडतील?”

शनिवारी मी तिच्याबरोबर निघाले.

पहिलं दुकान मोठं, थंडगार, आरशासारख्या फरशीचं. टायवाला विक्रेता आमच्याबरोबर रांगेने चालत होता. यात बारीक-जाड दळायच्या अठरा पातळ्या, यात चोवीस, हा नुसतं बोललं की चालू होतो, हा आवाजच करत नाही. मावशीने एकच प्रश्न विचारला. “हा उघडतो कसा?”

“उघडायची गरजच नाही मॅडम. सोबत ब्रश येतो.”

“ब्रश जातो कुठपर्यंत?”

“जातो की. जिथपर्यंत जायचा तिथपर्यंत जातो.”

मावशी मांडून ठेवलेल्या नमुन्याकडे वळली, त्याच्या तोटीशी नाक नेलं आणि झटक्यात मागे झाली. “हा कधीपासून इथे आहे?”

“हा फक्त दाखवायचा आहे मॅडम. रोज गिऱ्हाइकांना कॉफी करून देतो यात.”

“ब्रश दाखवा.”

त्याने खणातून ब्रश काढला. केस एकमेकांना चिकटून त्यांचं तेलकट टोक झालं होतं, धुतल्याशिवाय वाळलेल्या रंगाच्या ब्रशासारखं. मावशीने तो दोन बोटांत धरला, बघितला आणि त्याच्याच हातात परत ठेवला. “हे तुम्ही लोकांना पाजता,” ती म्हणाली, आवाज न चढवता. विक्रेत्याने हात पँटला पुसला. बाहेर आल्यावर मावशीने पर्समधली साबणाची वडी काढून रस्त्याकडेच्या नळावर हात धुतले. मीही धुतले, कशालाही हात लावला नव्हता तरी.

दुसरीकडे आम्ही एका कॉफीबारमध्ये गेलो. मालक हौशी माणूस, त्याला वाटलं कुणीतरी जाणकार आलं. त्याने आपला भलामोठा इटुकल्या दिव्यांचा ग्राइंडर कौतुकाने दाखवला. वरच्या पारदर्शक भांड्यात किलोभर बिया होत्या. भांड्याच्या आतल्या भिंतीवर तेलाचा पिवळा थर चढला होता, एखाद्या न धुतलेल्या चष्म्यावर असतो तसा. मावशी म्हणाली, “हे भांडं शेवटचं कधी घासलं?” मालक हसला आणि म्हणाला, “त्यानेच तर चव येते.” समोर बसलेली दोन माणसं डोळे मिटून घुटके घेत होती. मावशी दरवाजाकडे गेली. मला मागे वळून त्या दोघांना सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार?

तीन शनिवार असेच गेले. पात्यांचे छोटे ग्राइंडर बघितले, ते मिक्सरसारखे बिया कापतात, अर्धी पूड अर्धे तुकडे, आणि पात्याखालच्या खोबणीत बोट जात नाही. लाकडी पेटीचे देखणे ग्राइंडर बघितले. मावशीने लाकूड म्हटल्यावर हातही लावला नाही. ‘शंभर टक्के गंजरोधक’ असं चिकटवलेल्या एका खोक्यातला ग्राइंडर उघडून घेतला तर आतला स्क्रूच गंजलेला निघाला. मला या सगळ्याचा इतका वीट आला की ऑफिसातल्या यंत्राची कॉफी मी तेव्हापासून सोडली ती सोडलीच.

शेवटी शिंपीणबाईंनीच पत्ता दिला. मासळीबाजाराच्या मागे एक तराजू दुरुस्त करणारी बाई होती. वजनकाटे, शिवणयंत्रं, ग्राइंडर, जे फिरतं किंवा झुलतं ते सगळं तिच्याकडे यायचं. दुकान म्हणजे एक खोली, पण टेबलावर पांढरा कागद अंथरलेला आणि प्रत्येक सुटा भाग त्यावर ओळीने. मावशी आत शिरली, थांबली, हवा ओढली. मग बसली. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा कुठल्या दुकानात बसली होती.

“कॉफीचा ग्राइंडर हवाय,” ती म्हणाली. “ह्या हवेत टिकणारा.”

“टिकणारा नाही मिळायचा,” तराजूवाली म्हणाली. “ह्या हवेत काहीच टिकत नाही. दिसणारा घ्या.”

“म्हणजे?”

तिने खालून पत्र्याचा डबा काढला. “लोक माझ्याकडे कशा अवस्थेत आणून देतात ते बघायचंय? पोट घट्ट आहे ना?” डब्यात गिऱ्हाइकांनी परत न नेलेल्या चकत्या होत्या. एकीवर लगदा दगडासारखा वाळला होता, एकीला हिरवा कोट चढला होता, एकीच्या दात्यांत किड्यांची कातडी अडकलेली. मावशी एकेक उचलून दिव्याखाली धरत होती, आणि दोघींच्या तोंडावर अगदी एकच भाव होता. मला तिथे उभं राहवेना, मी दारात गेले. दारात मासळीचा वास होता, तोही बरा वाटला.

“यातल्या प्रत्येकाच्या मालकाने मला सांगितलं, आम्ही रोज पुसतो,” तराजूवाली म्हणाली. “पुसत असतीलही. बाहेरून.”

“आमच्याकडे अडचण वेगळी आहे,” मावशी म्हणाली. “ज्यांना वापरायचाय त्यांना वास येत नाही. म्हणजे त्यांना नाकाने कळणार नाही. डोळ्यांनी कळलं पाहिजे.”

तराजूवालीने मान हलवली, जणू तिला रोजच असं कुणीतरी सांगतं. तिने कपाटातून हाताने फिरवायचे दोन ग्राइंडर काढले. दोन्ही वीतभर उंच. एकात पोलादी चकत्या, एकात चिनी मातीच्या, कपबशीसारख्या पांढऱ्याशुभ्र. “पोलादाची पूड चांगली होते, खोटं कशाला बोलू. पण धुता येत नाही आणि घाण त्यावर दिसत नाही, काळ्यावर काळं. मातीच्याला जोर जास्त लागतो, वेळ लागतो, चुकून खडा गेला तर टवका उडतो. पण गंजत नाही. साबणाने धुवा, पंख्याखाली वाळवा. आणि तेलाचा डाग पडला की आंधळ्यालाही दिसेल. बिया आत ठेवायच्या नाहीत, लागतील तेवढ्या टाकायच्या. घरात आठवड्यापुरत्याच आणायच्या.”

मावशीने लगेच पर्स उघडली. तराजूवालीने हात आडवा धरला. “ज्यांना वापरायचाय त्यांना घेऊन या. तुमच्या हाताला बसेल तो त्यांच्या हाताला बसेलच असं नाही.”

घरी येऊन मावशीने काकांना सांगितलं. काका गॅलरीतून म्हणाले, “मी नाही येत. मला जे कळत नाही ते काम मी करणार नाही.”

“तुम्हाला कळेल असाच बघितलाय.”

“आणि पुन्हा काही राहिलं म्हणजे?”

मावशी त्यांच्या समोर स्टुलावर बसली. मी आत होते, पण दार उघडं होतं.

“मी तुम्हाला मोरी म्हणाले,” ती म्हणाली. “ते चुकलं माझं.”

“चूक काय त्यात? घाण होतीच.”

“घाण यंत्रात होती.”

काका खाली रस्त्याकडे बघायला लागले. “मी ते प्यायलोय,” ते म्हणाले. “अडीच महिने. रोज. दोन-दोन कप. आणि तुला फोनवर सांगत होतो, कॉफी झकास होते. आता मला कशाचाच भरवसा वाटत नाही. माझ्या अंगाचासुद्धा.”

“दर रविवारी तो मी साफ करत होते,” मावशी म्हणाली. “जाताना तुम्हाला सांगायला हवं होतं. मला वाटलं, कुणी विचारलं नाही तर कशाला सांगायचं. एवढासा गर्व, आणि त्याचे किडे झाले.”

काकांनी तिच्याकडे बघितलं. “हे कधी बोलली नाहीस.”

“नाही बोलले.”

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं गेलो. काकांनी पांढऱ्या कागदावर तो मातीच्या चकत्यांचा ग्राइंडर खोलला, जोडला, पुन्हा खोलला. तिसऱ्यांदा खोलून झाल्यावर त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि अंथरलेल्या कागदावरच त्याचे सगळे भाग एकाखाली एक काढले, नकाशासारखे, बाण दाखवून. मग एका जागी पेन्सिल टेकवली.

“ही स्प्रिंग बाहेर निघत नाही. हिच्या मागे पाणी राहणार.”

तराजूवाली वाकली. मावशी वाकली. दोघी जणी भिंगातून बघायला लागल्या. मावशी एकोणतीस वर्षं हेच काम करत आली होती आणि तिच्याकडून ते सुटलं होतं.

“बरोबर आहे यांचं,” तराजूवाली म्हणाली. तिने कपाटाच्या तळातून आणखी एक काढला. दिसायला ओबडधोबड, पितळेच्या मुठीचा, पण त्याचे सहाही भाग हातांनी सुटे होत होते. काका त्याच्याशी अर्धा तास बसले. मग म्हणाले, “हा.” मावशीला त्याची मूठ आवडली नव्हती, पितळ काळं पडतं म्हणून. तरी तिने पर्स उघडली.

आता काका रोज सकाळी तो फिरवतात. जोर लागतो, दम लागतो, मध्ये थांबतात. कॉफी झाली की सहाही भाग धुऊन पंख्याखाली मांडतात, आणि वाळल्यावर प्रत्येक भागावरून पांढरा रुमाल फिरवून तो रुमाल उजेडात बघतात. मावशीला मात्र कॉफी लवकर गेली नाही. तीन महिने ती नुसतं कोमट पाणी घ्यायची. कप नाकाजवळ आला की तिला ती नळी आठवायची. काका कप ठेवायचे, ती तसाच परत द्यायची, ते स्वतः प्यायचे. एक दिवस तिने अर्धा प्यायला. काकांनी विचारलं, “कशी आहे?” ती म्हणाली, “बरी आहे,” आणि ती खरंच नुसती बरी होती, कारण मातीच्या चकत्यांची पूड एकसारखी पडत नाही. तेव्हापासून ते रोज विचारतात आणि ती जे असेल ते सांगते. कडू आहे, पाणचट आहे, आज जमली.

परवा मी गेले होते तेव्हा मावशीने घोट घेतला आणि कप खाली ठेवला. “शिळट वास आहे.”

काकांचा चेहरा उतरला नाही. ते उठले, ग्राइंडरचे भाग खिडकीशी नेऊन पालथे-उताणे करून बघितले, रुमाल फिरवला. स्वच्छ होतं सगळं. मग त्यांनी बियांचा डबा आणून मावशीच्या नाकाखाली धरला. तिने तोंड फिरवलं. झाकण नीट बसलं नव्हतं, आणि बियांवर ओल चढून त्या मेणचटल्या होत्या.

“ह्या होय,” काका म्हणाले. त्यांनी सगळ्या बिया कागदात गुंडाळून बादलीत टाकल्या, डबा घासायला घेतला आणि मला विचारलं, “तू चहा घेशील ना?”